दिवसाला एक मिलिमीटर: डॉ. इलिझारोव आणि हाड वाढवण्याची विद्या

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरात पन्नास दिवस या चार वेळा चुकल्या नाहीत. वेळ झाली की मी दहा नंबरचे दोन पाने घेऊन बाबांच्या डाव्या पायाशी बसायची. नडगीभोवती स्टीलच्या चार रिंगा, त्यांना जोडणारे आट्यांचे दांडे आणि दांड्यांवर नट. एका पान्याने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. नटावर डॉक्टरांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तो पाव फेरा सरकला की आतलं हाड पाव मिलिमीटर सरकायचं. चार वेळा मिळून दिवसाला एक मिलिमीटर.

बाबांना भेटायला येणारे आधी रिंगेकडे बघत, मग बाबांकडे. "ह्या तारा हाडातून आरपार हायेत काय?" हा पहिला प्रश्न. हो, आरपार आहेत. दुसरा प्रश्न शेजारच्या काकाजींनी विचारला आणि तो खरा अवघड होता: "मोडलेलं हाड जोडाचं सोडून तुम्ही त्याले अजून ताणून काऊन राहिले बाप्पा?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी पहिल्या आठवड्यात मला काकाजींना धड उत्तर देता आलं नाही. मग डॉक्टरांना विचारत गेले, मिळेल ते वाचत गेले. ज्यांच्या घरात आत्ता कुणाच्या पायावर रिंग आहे, किंवा डॉक्टरांनी "रिंग लावावी लागेल" म्हटल्यापासून ज्यांना झोप नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हाडाबद्दल. हाड म्हणजे सिमेंटचा खांब अशी आपली समजूत असते, आणि मोडला खांब की सळ्या टाकून पुन्हा उभा करायचा, असं आपण धरून चालतो. पण हाडात रक्त खेळतं. त्यात जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशी असतात आणि नवं बांधणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांचं काम जन्मभर चालू राहतं. हाड मोडलं की फटीत रक्त साकळतं. काही आठवड्यांत त्या गुठळीच्या जागी रबरासारखा मऊ गोळा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम बसतं आणि तो कडक होतो. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात, आपण "हाड धरलं" म्हणतो. पुढे महिनोन्‌महिने शरीर त्या ओबडधोबड गाठीला तासून नीट आकार देत राहतं.

म्हणजे जोडणारं शरीरच. प्लास्टर, प्लेट, रॉड ही सगळी त्याला आधार द्यायची साधनं. पण शरीराच्याही काही अटी असतात: तिथे रक्त पोचलं पाहिजे, टोकं फार हलता कामा नयेत, आणि जंतू नकोत. नडगीच्या हाडाची गंमत अशी की पुढच्या बाजूला त्यावर मांस जवळजवळ नसतंच. कातडीखाली लगेच हाड. त्यामुळे रक्तपुरवठा बेताचा, आणि अपघातात हाड कातडी फाडून बाहेर यायची भीती जास्त. बाबांचं तेच झालं. रिंग रोडवर ट्रकचा धक्का लागून ते स्कूटरवरून पडले आणि नडगी बाहेर आली. पहिल्या शस्त्रक्रियेत प्लेट बसवली, पण जखमेत पू झाला. चार महिन्यांनी फोटो काढला तर हाड जुळलेलं नव्हतं, आणि मधला तुकडा निर्जीव पडला होता. तो कापून काढल्यावर पाच सेंटिमीटरचा खड्डा उरला. अशा जागी पुन्हा प्लेट घालणं म्हणजे जंतूंना बसायला ओटा बांधून देण्यासारखं. इथे इलिझारोव यांची विद्या उपयोगी पडते.

गावरिल अब्रामोविच इलिझारोव यांचा जन्म १९२१ सालचा. बालपण अझरबैजानच्या डोंगराळ भागातल्या कुसार या गावात, अत्यंत गरिबीत गेलं. शाळेत नाव उशिरा पडलं. वैद्यकीचं शिक्षण क्रिमियात सुरू झालं, पण मध्येच महायुद्ध आलं आणि कॉलेजच कझाकस्तानात हलवावं लागलं. १९४४ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले तेव्हा त्यांची नेमणूक सायबेरियातल्या कुर्गान प्रांतात, दोल्गोव्का नावाच्या खेड्यात झाली. कुर्गान मॉस्कोपासून रेल्वेने जवळजवळ दोन हजार किलोमीटर. आपण नागपूरहून दिल्लीला जाऊन परत यावं, साधारण तेवढं. खेड्यात डॉक्टर म्हणून तेच. बाळंतपणं त्यांच्याकडे, ताप त्यांच्याकडे, मोडलेले पाय त्यांच्याकडे.

आणि मोडलेले पाय पुष्कळ होते. युद्धातून परतलेले सैनिक वर्षानुवर्षं न जुळलेली हाडं आणि वाहत्या जखमा घेऊन जगत होते. त्यांच्यासाठी तेव्हा उपाय एकच होता, मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर आणि महिनोन्‌महिने खाट. एवढं करूनही प्लास्टरच्या आत टोकं हलायचीच, कारण प्लास्टर कातडीला धरतं, हाडाला धरत नाही. गुडघा आणि घोटा मात्र आखडून जायचा. या तरुण डॉक्टरच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: पकड थेट हाडावर हवी, पण हाड न उघडता.

१९५० साली ते कुर्गानच्या प्रांतीय रुग्णालयात आले आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांचं उपकरण तयार झालं. १९५२ साली त्यांनी त्याच्या नोंदणीसाठी अर्ज केला, १९५४ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. कल्पना समजायला सायकलचं चाक डोळ्यांसमोर आणा. स्पोक केवढा बारीक असतो! हातानं वाकतो. पण तोच स्पोक रिमला ताणून बसवला की अख्ख्या माणसाचं वजन पेलतो. इलिझारोव यांच्या रिंगेत हाच न्याय आहे. फक्त दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या तारा हाडातून एकमेकींना छेद देत आरपार काढतात, आणि रिंगेवर शंभर-सव्वाशे किलोचा ताण देऊन आवळतात. हाडाच्या वरच्या तुकड्याला रिंगा, खालच्या तुकड्याला रिंगा, आणि दोन्हींना जोडणारे आट्यांचे दांडे.

यातून दोन गोष्टी साधतात. एक, मोडलेल्या जागी धातूचा कण नसतो. सगळं लोखंड लांब, निरोगी भागात. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ताणलेली तार किंचित लवते. त्यामुळे रुग्ण पाय टेकून चालू शकतो आणि चालताना हाडाच्या टोकांना उभा, हलकासा दाब मिळत राहतो. आडवी हालचाल नाही, पिळ नाही, फक्त पावलागणिक एक थोपटणं. हाडाला ते आवडतं. बाबांना शस्त्रक्रियेनंतर दोनच दिवसांत वॉकर धरून उभं केलं तेव्हा आईला ते अघोरी वाटलं होतं. चालणं हाच औषधाचा भाग आहे, हे समजायला आम्हाला वेळ लागला.

इथपर्यंत इलिझारोव यांचा विचार दाबण्याचा होता. न जुळलेली टोकं नट आवळून एकमेकांवर दाबायची, म्हणजे ती धरतील. मग ती घटना घडली जी हाडांच्या डॉक्टरांमध्ये आजही सांगितली जाते. एका रुग्णाने नट उलट्या दिशेने फिरवले. टोकं जवळ यायच्या ऐवजी हळूहळू लांब गेली. फोटोत इलिझारोव यांना फट दिसायला हवी होती. तिथे नवं हाड दिसलं. दुसरा कुणी असता तर रुग्णाला रागावून नट परत फिरवले असते. ते त्या फोटोपाशी थांबले, आणि पुढची कित्येक वर्षं कुत्र्यांवर प्रयोग करून हे का झालं ते शोधत राहिले.

त्यांना सापडलेलं तत्त्व एका वाक्यात मावतं: जिवंत ऊतीला हळू, सतत ताण दिला की ती वाढू लागते. हाडाच्या दोन टोकांमधला कोवळा गोळा कडक व्हायच्या आत ताणला, तर त्यातले तंतू ताणाच्या दिशेने सरळ रांगेत लागतात आणि दोन्ही टोकांकडून त्या तंतूंवर हाड चढत येतं. बाबांच्या फोटोत ते मी पाहिलं. दोन्ही बाजूंनी उभ्या, धुरकट, बारीक रेघा आणि मध्ये एक काळसर पट्टा. सोनपापडी अलगद ओढली की जसे धागे दिसतात तसं. तो काळा पट्टा म्हणजे वाढीची जागा, तिथे अजून कॅल्शियम बसलेलं नसतं. आणि एकटं हाडच वाढतं असं नाही. सोबतच्या रक्तवाहिन्या, नसा, स्नायू, कातडी सगळ्यांना त्या वेगाशी जुळवून घ्यावं लागतं, आणि वेग बेताचा असेल तर ते जुळवूनही घेतात.

वेग हाच या उपचाराचा प्राण आहे. इलिझारोव यांनी दिवसाला अर्धा, एक आणि दोन मिलिमीटर असे तिन्ही वेग तपासले. अर्ध्याने हाड इतक्या लवकर कडक होतं की पुढे ताणताच येत नाही. दोनने नवं हाड धड बनत नाही आणि नसा-रक्तवाहिन्यांना इजा होते. एक मिलिमीटर जमतो. पण तोही एकदम नाही. दिवसातून एकदा ताणण्यापेक्षा चारदा थोडं थोडं ताणलेलं बरं. यंत्र लावून त्यांनी तोच मिलिमीटर साठ टप्प्यांत दिला, तेव्हा हाड आणखी चांगलं आलं. माणसाला साठ वेळा नट फिरवणं शक्य नाही, म्हणून चार. आमच्या रात्री बाराच्या गजराचं कारण हे होतं. दांड्याचे आटे असे पाडलेले असतात की पूर्ण फेऱ्याला एक मिलिमीटर, म्हणून पाव फेऱ्याला पाव.

एका रात्री एक पाना हरवला. अख्खं घर उलथून पाहिलं. दुसऱ्या दिवशी चौकातल्या सायकल दुरुस्तीवाल्या भाऊंनी त्यांच्या पेटीतला दहाचा काढून दिला आणि तो चपखल बसला. कुर्गानच्या डॉक्टरचं यंत्र आपल्या चौकातल्या पान्याने चालतं, याचं मला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं.

हाड कापण्याचीही एक पद्धत आहे. ताणायचं तर आधी फट हवी, म्हणून निरोगी जागी हाडाची बाहेरची कडक साल तेवढी छिन्नीने कापतात. आतला मगज आणि वरचं पातळ आवरण शक्य तितकं राखतात, कारण नव्या हाडाला लागणारं रक्त तिथून येतं. मग पाच-सात दिवस काहीच करायचं नाही. कोवळा गोळा तयार होऊ द्यायचा. आम्हाला ते दिवस उगाच वाया जाताहेत असं वाटत होतं.

आता बाबांचा खड्डा. पाच सेंटिमीटर हाड नाही, मग ताणायचं काय? एसटीतला बाक आठवा. मधली जागा रिकामी आहे. कडेचा माणूस सरकून मध्ये बसला की मधली जागा भरते आणि रिकामी जागा कडेला जाते. डॉक्टरांनी नेमकं हेच केलं. गुडघ्याच्या खाली, जिथे हाड रुंद आणि रक्ताने भरलेलं असतं, तिथे काप घेतला. हा काप आणि खालचा खड्डा यांच्यामधला निरोगी तुकडा तारांनी धरून दिवसाला एक मिलिमीटर खाली सरकवत नेला. तो पन्नास दिवसांनी खालच्या टोकाला जाऊन टेकला. खड्डा बुजला, आणि त्याच्या मागे, वरच्या बाजूला, पाच सेंटिमीटर कोवळं हाड तयार झालं होतं. म्हणजे पोकळी जखमेच्या, जंतूंच्या जागेतून उचलून अशा ठिकाणी नेली जिथे शरीर ती भरू शकतं. काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, आणि बाकाच्या उदाहरणानंतर ते त्यांनी पुढच्या प्रत्येक पाहुण्याला स्वतःच सांगितलं.

मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी मात्र इलिझारोव यांना पुष्कळ काळ मोजलं नाही. हाडांची शस्त्रक्रिया सोडून नट-बोल्ट फिरवणारा फिटर, अशी त्यांची हेटाळणी झाली. चित्र पालटलं ते व्हॅलेरी ब्रुमेल या सोव्हिएत खेळाडूमुळे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचा उंच उडीचा सुवर्णपदक विजेता, २.२८ मीटरचा विश्वविक्रम नावावर. १९६५ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही पाय जुळेना. १९६८ साली तो कुर्गानला गेला, पाय जुळला, आणि त्याने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. सगळ्या देशाने ते पाहिलं. १९७१ मध्ये कुर्गानला इलिझारोव यांची स्वतंत्र संस्था झाली, १९७८ मध्ये लेनिन पारितोषिक मिळालं.

देशाबाहेर त्यांचं नाव नेलं ते आणखी एका रुग्णाने. कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक. थोर हेयरडाल नावाच्या नॉर्वेच्या संशोधक-प्रवाशाच्या 'रा' या गवती होडीवरच्या मोहिमांत होता. त्याची नडगी वर्षानुवर्षं न जुळलेली. १९८० मध्ये तो कुर्गानला जाऊन बरा होऊन आला आणि त्याचा पाय पाहून त्याचे इटलीतले डॉक्टर थक्क झाले. १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव यांना इटलीतल्या बेलाजो इथे बोलावलं. साठीला आलेल्या या डॉक्टरचं पश्चिमेतलं हे पहिलं व्याख्यान. तीस वर्षांचं काम तोवर लोखंडी पडद्याआडच होतं. तिथून ही पद्धत युरोप, अमेरिका आणि भारतातही पोचली. इलिझारोव १९९२ च्या जुलैमध्ये गेले. कुर्गानची संस्था आज त्यांच्याच नावाने चालते.

आज साध्या मोडीला रिंग लावत नाहीत. बहुतेकांना रॉड किंवा प्लेट पुरते आणि तेच बरं. रिंग लागते ती जंतू शिरलेल्या, हाड गमावलेल्या, वाकड्या जुळलेल्या किंवा पोलिओने, जन्मतः आखूड राहिलेल्या पायाला. आता संगणकाच्या हिशोबाने चालणाऱ्या सहा दांड्यांच्या चौकटी आल्या आहेत, हाडाच्या आत बसून बाहेरच्या चुंबकाने लांब होणारे रॉडही आले आहेत. आतलं तत्त्व तेच. पण जिथे जंतू आहेत आणि पैसे नाहीत, तिथे जुनी स्टीलची रिंगच कामाला येते. उंची वाढवायच्या हौसेपोटी धडधाकट पाय कापून घेणाऱ्यांबद्दल मला स्पष्ट सांगायचं आहे: नऊ महिने या वेदनेशेजारी बसल्यावर मी कुणालाही तो सल्ला देणार नाही.

कारण वेदना असते. हे डॉक्टरांनी आधी सांगावं आणि घरच्यांनी ऐकून घ्यावं. ताणाच्या दिवसांत बाबांना सलग दोन तास झोप लागत नसे. तारेच्या भोकांमधून पाणी यायचं. थोडं येतंच, पण भोकाभोवती लाली, सूज, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आम्ही रोज उकळून गार केलेल्या पाण्याने आणि स्वच्छ गॉजने एकेक भोक पुसायचो. डॉक्टर प्रत्येकाला आपापली पद्धत सांगतात, ती पाळावी. डिसेंबरात रिंग बर्फासारखी गार पडायची, म्हणून आईने जुन्या लुगड्याची खोळ शिवली. पायजम्याची एक शिवण उसवून नाड्या लावल्या. मेडिकलमधून मनानेच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांनी हाड भरायला उशीर होऊ शकतो.

सांध्यांचं म्हणाल तर हाड लांब होतं तसे पिंढरीचे स्नायू ओढले जातात आणि पाऊल खाली लोंबायला लागतं. व्यायाम टाळला तर हाड जुळूनही पाऊल टेकत नाही. फिजिओथेरपिस्ट ताई यायच्या तेव्हा बाबा तोंड फिरवून घ्यायचे. दोरीने पाऊल वर ओढून धरण्याचा व्यायाम नट फिरवण्याइतकाच वक्तशीर केला, म्हणून आज ते पाटावर बसू शकतात.

आणि खर्रा. आपल्या नागपुरात हे बोलल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि नवं हाड जगतं ते याच वाहिन्यांवर. बिडी, सिगारेट, खर्रा, सगळ्यांचं हेच. बाबांना तीस वर्षांची सवय. डॉक्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं, "काका, रोज चार वेळा पोरगी हाड बनवते, तुम्ही खर्रा खाऊन ते मोडता." बाबांनी पुडी ठेवली ती ठेवली. पहिला महिना घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

ताण थांबल्यावर खरी वाट बघणं सुरू होतं. ढोबळ हिशोब असा, की एक सेंटिमीटर नवं हाड पक्कं व्हायला महिना ते दीड महिना लागतो. कोवळं हाड दिसतं धुरकट, मग दाटत जातं, मग त्याला कडा येतात. पुढून आणि बाजूने असे दोन फोटो काढले की हाडाच्या चार कडा मोजता येतात. त्यातल्या निदान तीन पक्क्या दिसल्या की रिंग काढायचा विचार होतो. आमच्या डॉक्टरांनी आधी दांडे सैल करून बाबांना काही दिवस तसंच चालवलं. दुखलं नाही, वाकलं नाही. मग नऊ महिन्यांनी नऊ तारा काढल्या आणि पुढचे दोन महिने पायाला आधाराचं कवच दिलं, कारण रिंग निघाल्यावरच्या दिवसांत हाड पुन्हा मोडण्याची भीती असते.

याला आता तीन वर्षं झाली. बाबांच्या नडगीवर अठरा बारीक वण आहेत. मागच्या महिन्यात फोटो काढला, तेव्हा गुडघ्याखालचे ते पाच सेंटिमीटर नेमके कुठे सुरू होतात हे दाखवायला डॉक्टरांना फोटो उजेडात धरून थोडं शोधावं लागलं.